न कुजणारी चिंधी

माझ्या भावाच्या, हेक्टरच्या छातीचे रिपोर्ट मंगळवारी मिळायचे होते. मंगळवारच्या पुढचं बोलणंच त्याने बंद केलं होतं. घरात बसून बायकोच्या उतरलेल्या तोंडाकडे बघवेना, म्हणून शनिवारी त्याने आम्हा दोघींना गाडीत कोंबलं. भरती चढताना डॉल्फिन समुद्रात घुसलेल्या चॅनॉनरीच्या टोकाशी अगदी किनाऱ्यालगत येतात, ते बघायचे. मग क्रोमार्टी गावात तळलेली मासळी. सगळं रॉसशायर आमच्या पायाखालचं, तरी दर उन्हाळ्यात आम्ही पाहुण्यांसारखे हिंडतो.

"वाटेत मनलॉकीच्या झऱ्यावर थांब," डोलिना वहिनी म्हणाली.

"तुझ्या चिंध्यांसाठी भरती थांबायची नाही."

हेक्टर थांबला मात्र. त्या झऱ्याच्या पाण्यात आजाऱ्याच्या कपड्याची चिंधी भिजवायची, त्याचं नाव घ्यायचं आणि ती झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाते तसा आजार उतरतो. दुसऱ्याची चिंधी गाठ सोडून काढली, तर त्याचा आजार आपल्याला लागतो. मी नेमाने चर्चला जाणारी बाई, पण तिथल्या एका चिंधीला बोट लावणार नाही.

वहिनीने हिवाळ्यात हेक्टरच्या लाडक्या फुटबॉल जर्सीची चिंधी बांधली होती. ती लांबूनच दिसली. शेजारचे सुती रुमाल काळे पडून गळत होते आणि ही निळीशार, कालच दुकानातून आणल्यासारखी.

"अगं, पॉलिएस्टर आहे ही," मी बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

हेक्टर हसला. "मी गेलो तरी ही राहील."

वहिनी हसली नाही. "माझी अक्कल कुठे गेली होती," एवढंच पुटपुटली आणि तिने सरळ गाठीला हात घातला. त्याचा आजार स्वतःवर घ्यायला निघाली होती ती.

हेक्टरने तिचं मनगट धरलं. "हात काढ, डोली."

"तू कुठे मानतोस?"

"नाही मानत. तरी बाजूला हो. माझंच दुखणं, मी गाठ सोडली तर जाऊन जाऊन कुठे जाणार?"

गाठ सोडताना त्याला धाप लागली. मग दगडावर बसून त्याने बूट काढला आणि वहिनीने विणलेला लोकरी मोजा ओढून काढला.

"हा कुजेल ना?"

"कुजेल," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "निम्मा कुजलेलाच आहे. धुतोस कुठे कधी."

त्याने मोजा भिजवला, स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं आणि बांधला.

आम्ही चॅनॉनरीला पोचलो तोवर भरती संपली होती. एकही डॉल्फिन दिसला नाही. हेक्टर बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला.

"पुढच्या शनिवारी येऊ," तो म्हणाला.

वहिनीने माझा हात घट्ट धरला.