मच्छरदाणीतला कढीपत्ता

मी कढीपत्ता बोलतोय. मुलुंडमधल्या एका बिल्डिंगच्या मागच्या आवारात, तळमजल्यावरच्या शेवंतीच्या खिडकीखाली उभा आहे. मला कुणी लावलं नाही. एका बुलबुलाने कुठलंसं पिकलं फळ खाल्लं आणि इथे येऊन तो शिटला. माझा जन्म इतकाच. तरी अख्खी बिल्डिंग मला 'आपला कढीपत्ता' म्हणते, विशेषतः गॅसवर डाळ असते तेव्हा.

तोडतात ते तोडू देत. माझ्याकडे आणखी एक गिऱ्हाईक येतं. काळं फुलपाखरू. कोवळ्या पानांवर अंडी ठेवून जातं. त्यातून निघणाऱ्या अळ्या लहानपणी हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात. पाखरं फसतात, अळ्या वाचतात. छान चाललं होतं. मग शेवंतीचा नवरा, दशरथ, रिटायर झाला.

त्याने दुर्बीण घेतली, खूप खिशांचं जाकीट घेतलं आणि मोबाईलवर निसर्गप्रेमींचा ग्रुप काढला. रोज सकाळी खुर्ची टाकून तो फुलपाखराची वाट बघायचा. फोटोत पानं स्वच्छ दिसावीत म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसायचा.

"काय घाण करतात ही पाखरं!" असं म्हणत त्याने माझ्या अळ्या पुसून काढल्या. मग खुर्चीत बसून म्हणायचा, "हल्ली फुलपाखरं राहिलीच नाहीत. प्रदूषण, दुसरं काय!"

एकच अळी वाचली. ती अगदी खालच्या फांदीवर होती आणि दशरथची कंबर तिथवर वाकत नाही. ती वाढून हिरवीगार झाली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या तेजलला दिसली.

"काका, फुलपाखराची अळी! आधी शिटेसारखी दिसते ही. पाहिल्या असतील ना तुम्ही?"

दशरथने फडकं पाठीमागे नेलं. "पाहिल्या ना. बऱ्याच."

मला वाटलं, आता तरी ही एक जगेल. पण संध्याकाळी त्याने माझ्यावर मच्छरदाणी चढवून बुंध्याशी सुतळीने आवळली. वर पाटी लावली : 'निरीक्षण चालू आहे. पाने तोडू नयेत.'

"दारात झाड, आणि मी कढीपत्ता विकत आणू?" शेवंतीने विचारलं.

"विज्ञानासाठी एवढं कर ना गं!"

आत अळीचा कोष झाला. एका शनिवारी सकाळी त्यातून फुलपाखरू निघालं. पंख वाळले तसं उडालं आणि जाळीवर आपटलं. पुन्हा उडालं, पुन्हा आपटलं. माझ्या फांद्या असून नसून सारख्याच.

"अहो, सोडा त्याला."

"उद्या ग्रुप येतोय. सगळ्यांसमोर सोडायचं. व्हिडिओ हवा."

"उद्यापर्यंत जगेल ते?"

"एका दिवसाने काय होतंय!" म्हणत तो मोबाईल चार्जिंगला लावायला आत गेला.

शेवंती कात्री घेऊन आली. तिने सुतळी कापली, जाळी वर केली. फुलपाखरू तिच्या कानाजवळून निघालं आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेलं.

दशरथ धावत आला. "अगं, वाट लावलीस! आता लोकांना काय दाखवू?"

"मला फोडणीला पानं हवी होती," ती म्हणाली आणि खरोखरच एक डहाळी तोडून आत गेली.

रविवारी ग्रुप आला. दशरथने रिकामा कोष दाखवून निसर्गरक्षणावर भाषण केलं. टाळ्या झाल्या. जाताना प्रत्येकाने मूठभर कढीपत्ता नेला.

मी आता अर्धा बोडका आहे. पण परवा एक काळं फुलपाखरू येऊन गेलं. तेच की दुसरं, मला सांगता येणार नाही. त्याने अंडी ठेवलीत. कोणत्या पानावर, हे मला ठाऊक आहे; पण कृपा करून विचारू नका. तुमच्यातला कुणी त्या ग्रुपमधला निघायचा.