उगमाचा रकाना

मावशीची नोकरी वाचली. पण हा निकाल अजून कुठल्याच कागदावर आलेला नाही, तेव्हा तो लागलाच नाही असं धरून चालू.

तर, इस्पितळाच्या धुलाई विभागात दोनशे चाळीस पांढऱ्या चादरी गुलाबी निघाल्या होत्या आणि संध्याकाळी पाचच्या आत चौकशीचा अर्ज भरायचा होता. अर्ज भरणारा तपासनीस हा मावशीचा भाचा आणि मशीन चालवणारी खुद्द मावशी. त्याला लहानाचा मोठा तिनंच केलेला. त्यामुळे सकाळपासून त्याचा एक पाय जागेवर ठरत नव्हता आणि दुसरा पहिल्याला साथ देत होता.

अर्जाच्या शेवटी एक नवा रकाना होता: 'फॉन्स एट ओरिगो'. तो नव्या साहेबांनी घातलेला.

"लॅटिन आहे," साहेबांनी समजावलं होतं. "झरा आणि उगम. म्हणजे मूळ कारण. इंग्रजीत भारदस्त लिहिणारे असंच लिहितात, आणि बहुतेक वेळा वाईटाबद्दलच. चांगल्याचा उगम शोधायला एवढी तळमळ कुणाला असते?"

रकान्यात एकच नाव मावत होतं आणि ज्याचं नाव त्याला नारळ. मावशीच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"लिही माझं नाव," मावशी गुलाबी चादरीची घडी घालत म्हणाली. "न झटकता मशीनमध्ये कुणी टाकल्या? मीच ना?"

"पण का नाही झटकल्यास?"

"साहेब नव्या मशीनची फीत कापून फोटोला उभे होते. 'चालू करा, चालू करा' म्हणून हात नाचवत होते. दोनशे चाळीस चादरी झटकत बसले असते तर फोटोवाल्याला नातवंडं झाली असती."

"आणि फीत?"

"लालभडक. कापली ती थेट चादरींच्या गाड्यात पडली. आता पुरे हं, तपासनीसराव. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये."

"साहेबांनी नदीचंच मूळ मागितलंय गं."

भाच्यानं खोलीत अकरा फेऱ्या मारल्या, पेनाचं टोपण चावून चपटं केलं आणि रकान्यात साहेबांचं नाव लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

"मी उगम?"

"फीत तुम्ही कापलीत, साहेब."

"अहो, हा तर मधला घाट झाला! मी इथं आलोच का?"

"जुने साहेब निवृत्त झाले म्हणून."

"शाब्बास. आणखी वर जा. ते निवृत्त का झाले?"

"साठ वर्षांचे झाले म्हणून."

"आणि साठ वर्षांचे का झाले?"

भाच्यानं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पाचला दहा कमी. "जन्मले म्हणून, साहेब."

"जन्म कुणी दिला?"

"त्यांच्या... मातोश्रींनी."

"लिहा," साहेब म्हणाले आणि दोषमुक्त माणसासारखे खुर्चीत रेलले.

भाचा जिने तीन-तीन पायऱ्यांनी उतरत आस्थापनेच्या खिडकीवर पोचला. कारकुनानं अर्जावर नजर टाकली आणि तो परत सरकवला.

"रकान्यात कर्मचाऱ्याचंच नाव चालतं. बाई कर्मचारी आहेत?"

"वारल्यात."

"मग निवृत्त दाखवू या?"

"अहो, त्या इथं कधी नव्हत्याच!"

"मग मशीनवर कोण होतं ते लिहा. सहा मिनिटं आहेत."

भाच्यानं खिडकीचे गज धरले. "समजा, सोबत एक विनंती अर्ज जोडला, तर?"

"तर त्याचा निर्णय होईपर्यंत सगळं जिथल्या तिथं."

"निर्णयाला किती दिवस लागतात?"

कारकुनानं मागच्या कपाटाकडे हनुवटी केली. "माझ्या वडिलांच्या बदलीचा अर्ज त्यात आहे. वाट बघून ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी लागलो."

"कागद द्या," भाचा म्हणाला, आणि पाचला दोन मिनिटं कमी असताना त्यानं खरडलं:

"सबब विनंती की, जुन्या साहेबांच्या कैलासवासी मातोश्रींना मागील तारखेने धुलाई विभागात रुजू करून घ्यावे, चादरी झटकण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे व तदनंतर कामात कसूर केल्याबद्दल तत्काळ बडतर्फ करावे. प्रशिक्षणास त्या स्वतः उपस्थित राहतील, याची खात्री कार्यालयाने आपल्या स्तरावर करून घ्यावी."