दुसरी बाही

शिंपीदादांच्या डोक्यातली गाठ डॉक्टरांनी निघेल तेवढी काढली, पण ती जाता जाता त्यांची डावी बाजूच घेऊन गेली. हात चालायचा, डोळेही धड होते. डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरून गेला होता. ताटातलं डावीकडचं तसंच उरायचं. आणि सदरा शिवला की एकाच बाहीचा. वर ऐटीत म्हणायचे, बघ, हात अजून बसलेला आहे.

बायको मिठाची गुळणी धरून बसायची आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की दुसरी बाही लावून टाकायची. कात्री सुटली तर हा माणूस अंथरूण धरेल आणि पुन्हा उठायचा नाही, याचा तिच्या जिवाला घोर होता.

दर आठवड्याला ती त्यांना इस्पितळातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. गेल्या खेपेला बाईंनी तिला बाजूला घेतलं. दादा आतून खचलेत, म्हणाल्या, घरात काही लपवताय का? तिने रडत सगळं सांगून टाकलं. त्यावर बाई म्हणाल्या, खरं कळलं तर निदान त्यांना मोकळेपणी रडता तरी येईल. काय बाई बोलणं हे! पण तिचंही अवसान संपलं होतं. आज तिने एका बाहीचा सदरा बाईंकडे दिला, दादांना बाहेर थांबते म्हणाली, आणि राहवेना म्हणून हळूच आत येऊन त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसली.

टेबलावरचा सदरा बघून दादा म्हणाले, झकास झालाय. मग बाईंनी तो फिरवला. रिकामी बाजू उजवीकडे आली. दादांनी सदऱ्याच्या उघड्या खांद्यावरून बोट फिरवलं. शिवण आपलीच, हे त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे मला शंका होती ते खरं," ते म्हणाले. "संपलो मी."

बाई काही बोलणार, तोच त्यांनी हात जोडले.

"बायकोला सांगू नका. माझा हात चालतोय, एवढ्या एकाच आशेवर ती उभी आहे. हाय खाईल हो ती."

ती हातभर अंतरावर बसली होती. तोंडात रुमाल कोंबून ती उठली, त्यांच्या खुर्चीमागून वळसा घालून उजवीकडे आली. तिला बघताच दादांनी घाईघाईने उघडा खांदा आत दुमडला आणि हसायचा प्रयत्न केला.

"आलीस? बघ, कसा झालाय सदरा."

तिने बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "छान झालाय हो."