बेरीज साठ, मुलगा एक्कावन्न

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले, आणि कठडेही भरले तेव्हा एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून पाहू लागले. व्यासपीठावरच्या उंच खुर्चीवर, पाय लोंबकळत ठेवून, आठ वर्षांची बिट्टी बसली होती आणि नववीच्या गणितांची उत्तरं फटाफट देत होती.

"दोन नळांनी टाकी भरायला किती वेळ लागेल?"

"सहा तास चाळीस मिनिटं."

"आगगाडीचा वेग?"

"ताशी बहात्तर किलोमीटर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. 'सातवी खिडकी' वर्गांचे संचालक, ज्यांना सगळा गाव खिडकीवाले सर म्हणे, ते हात उंचावून पुढे आले. "कागद नाही, पेन्सिल नाही! अहो, तुमच्या-माझ्या मेंदूच्या सहाच खिडक्या उघड्या असतात. सातवी बंद! कुणी बंद केली? पाढे घोकायला लावणाऱ्या शाळांनी! मी कपाळावर फक्त तीन टिचक्या मारतो, आणि एकवीस दिवसांत ती सताड उघडते!"

बाविसाव्या दिवशी वारा आत येतो की काय, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. पालक आपापल्या पोरांच्या कपाळांकडे निरखून पाहत होते.

पहिल्या रांगेत बिट्टीचे बाबा बसले होते. शेजारी मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या मांडीवर एक पत्र होतं. हा कार्यक्रम पार पडला की त्यावर सही होणार होती, आणि सोमवारपासून बिट्टी तिसरीतून थेट आठवीत बसणार होती. आदल्या दिवशी वेणी घालून घेताना तिने विचारलं होतं, "बाबा, तिकडच्या बाकावर माझे पाय पुरतील का?" बाबांनी हसण्यावारी नेलं होतं.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्याआधीची कच्ची पानं ते घरी आणत. ती तपासायची जुनी रीत अशी, की एकाने छापलेलं पान मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून ते ताडून पाहायचं. बिट्टीच्या आईला शिवणाच्या यंत्रावरून उठायला सवड नसे, म्हणून वाचायला बिट्टी बसे. वर्षभरात नववीच्या गणिताच्या मार्गदर्शकाची चार आवर्तनं तिच्या तोंडून झाली होती. पोरीची पाठशक्ती जबर होती. पुढे पुढे प्रश्नाची पहिली ओळ कानावर पडली की शेवटची ओळ तिच्या तोंडात तयार असे.

सारा चमत्कार एवढाच होता, आणि बाबांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

शेजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली तेव्हा बाबा नुसते हसले. खिडकीवाल्या सरांनी तिला आपल्या वर्गात फुकट घेतलं तेव्हाही ते काही बोलले नाहीत. मग एकदा सरांनी त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, "तिला कोणत्या पुस्तकातली गणितं जास्त स्पष्ट दिसतात?" आणि बाबांनी पुस्तकाचं नाव सांगून टाकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यानंतर सर खाकी वेष्टन घातलेल्या एकाच पुस्तकातून प्रश्न विचारत आले.

तिसरीच्या बाई घरी येऊन गेल्या होत्या. "बिट्टी हुशार आहे हो, पण हातच्याची वजाबाकी तिला अजून येत नाही. बोटं मोजते आणि ती पाठीमागे लपवते." बाबा म्हणाले होते, "बाई, तुम्हाला तिची झेप कळायची नाही." हे वाक्य आठवलं की त्यांना आता स्वतःचीच लाज वाटे.

"आता शेवटचं!" सरांनी पान उलटलं. "वडील आणि मुलगा यांच्या वयांची बेरीज साठ. पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट होतं. तर मुलाचं आजचं वय किती?"

"एक्कावन्न!"

सरांनी पुस्तकात डोकावलं. "अचूक!"

सभागृह दणाणलं. बाबांनीही दोन टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टाळीला त्यांचे हात हवेतच थबकले.

मागच्या रांगेतून तिसरीच्या बाई उठल्या. "बिट्टी बाळा, मुलगा एक्कावन्न वर्षांचा. मग बेरीज साठ व्हायला वडील किती वर्षांचे?"

बिट्टीचे हात पाठीमागे गेले. बोटं मोजून झाल्यावर ती म्हणाली, "नऊ."

"म्हणजे बाप नऊ वर्षांचा आणि लेक एक्कावन्नचा?"

"दत्तक असेल!" कठड्यावरून कुणीतरी ओरडलं. खिडकीवरची श्रद्धा अशी सहजासहजी सुटत नाही.

"नऊ वर्षांच्या पोराने पन्नाशीतला गृहस्थ दत्तक घेतला होय?" बाई म्हणाल्या, आणि हशा पिकला. खुद्द मुख्याध्यापकही हसले. सर घाईघाईने पुढे आले. "शंकेखोर माणसं हजर असली की खिडकी मिटते! मी आधीच सांगितलं होतं!"

पण हसू सरांपर्यंत पोचलंच नव्हतं, ते सगळं उंच खुर्चीवरच्या पोरीवर पडत होतं. तिने सरांकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं.

"बाबा, मी नीट वाचलं होतं ना?"

बाबांना ती संध्याकाळ लख्ख आठवली. घरी पाहुणे आले होते. बिट्टी पान वाचत होती आणि ते थक्क होऊन ऐकत होते. बाबांचं बोट हस्तलिखितावर होतं, पण नजर पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर होती. हस्तलिखितात पंधरा होते. छापणाऱ्याने आकडे उलटे जुळवले होते, ते तिने जसेच्या तसे वाचले, आणि ज्याने अडवायचं तो कौतुक गोळा करण्यात दंग होता, त्या दिवशी आणि पुढच्या आवर्तनांतही.

ते उठले.

"तू नीटच वाचलंस. चूक माझी आहे." मग लोकांकडे वळून ते म्हणाले, "खिडकीबिडकी काही नाही. हे पुस्तक आमच्याच छापखान्यातलं. ती ते माझ्यासाठी मोठ्याने वाचते, म्हणून उत्तरं तिला पाठ आहेत. सरांच्या हातातही तेच पुस्तक आहे. हे सगळं मला माहीत होतं. मला... मला बरं वाटत होतं, म्हणून मी गप्प बसलो."

सरांनी पुस्तक पाठीमागे नेलं. बाईंनी हात पुढे केला. "द्या ना, सर. आणि यातलं नसलेलं एखादं गणित तुम्हीच सोडवून दाखवा." सरांना एकाएकी दुसरीकडचा कार्यक्रम आठवला.

"एखादं मूल खरंच वर्गाच्या पुढे असतं," बाई लोकांना म्हणाल्या. "त्याला अडवू नये, पुढचं द्यावं. पण आधी त्याला विचारावं, हे उत्तर कसं आलं? ते सांगता आलं तर खुशाल पुढे न्या. नुसतं उत्तर पाहून नेलंत, तर पोर पुढच्या वर्गात एकटं पडतं. हा प्रश्न विचारायला सातवी खिडकी लागत नाही."

मुख्याध्यापकांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. घरी जाताना बिट्टीने बाबांचा हात धरला नाही. एवढं तरी आपल्याला सोसलं पाहिजे, असं त्यांना वाटलं.

घरी त्यांनी आईच्या डब्यातली साठ बटणं जमिनीवर ओतली. "मला उत्तर सांगू नका," बिट्टी म्हणाली. तिने दोन ढीग केले, मोडले, पुन्हा केले. प्रत्येक वेळी दोन्ही ढिगांतून पाच-पाच बटणं बाजूला काढून मोठा ढीग लहानाच्या चौपट होतो का ते ती पाही. बोटं आता पाठीमागे नव्हती. तासाभराने तिने मान वर केली.

"पंधरा! लहान ढिगातून पाच काढली की दहा, मोठ्यातून पाच काढली की चाळीस. बाबा, पुस्तक चुकलंय!"

"पुस्तक नाही गं, मी चुकलो. मी बघत नव्हतो."

तिने थोडा विचार केला. मग त्यांच्या खिशातली लाल पेन्सिल काढून घरातल्या कच्च्या पानावरच्या एक्कावन्नला आकड्यांची अदलाबदल करायची खूण केली. ती खूण करताना तिने त्यांना शंभरदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी छापखान्यात एक शुद्धिपत्र जुळवून घेतलं आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत स्वतःच्या हाताने चिकटवलं. त्यावर तीन ओळी होत्या:

पान ८३, उदाहरण ७ : ५१ ऐवजी १५ वाचावे.

ही चूक मुद्रितशोधकाची आहे.

वाचकाने कोणतेही उत्तर खरे मानण्याआधी स्वतः करून पाहावे.