गुडघा टेकू नकोस, ओटकर

मी एक जुनी काठी आहे. वांडास सुताराची थोरली मुलगी लुदमिला ज्या वर्षी लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मित्रांनो, तिच्या वरातीच्या गाडीला नवी चाके हवी होती. ॲश झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करायचे आणि तापलेले असतानाच वाकवायचे, यात वांडासचा हात धरणारा व्लतावा नदीच्या काठी दुसरा कोणी नव्हता. चाके झाली आणि एक लांब पट्टी उरली. ती त्याच्या मुलाने, ओटकरने, मागून घेतली.

"कशाला हवी?"

"हॉकीला, बाबा."

"चुलीत घातली असती तर घराला ऊब तरी आली असती," म्हातारा म्हणाला. पण ती पट्टी वाफेवर त्यानेच धरली, खालचे टोक त्यानेच वाकवले आणि मला एक रुंद, चपटे पाऊल दिले. मी गोलरक्षकाची काठी झाले.

आमच्या बोहेमियात तोवर बर्फावर चेंडूची हॉकी चाले. त्या खेळात गोलरक्षकाच्या हाती काठी नसते. तो गुडघे टेकतो आणि चेंडू हातांनी अडवतो. ओटकर लहानपणापासून तेच करत आला होता. मग परदेशातून नवा खेळ आला. चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती आली, आणि नियम आला की गोलरक्षकाने उभेच राहायचे. गुडघा बर्फाला लागला की पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा खेळाबाहेर. त्याच्या जागी दुसरा उभा करता येत नाही. गोल उघडाच राहतो.

ओटकरचे डोळे चांगले होते, हात चांगले होते. गुडघे मात्र ऐकत नव्हते. चकती समोर आली की ते आपोआप खाली जात.

"अरे ओट्या, प्रार्थना करायची तर रविवारी चर्चमध्ये कर," प्रोकोप ओरडायचा. तो बचावाला खेळे. जाडजूड, हसरा गडी. शेवटी त्यानेच एक उपाय काढला. रानचेस्टनटच्या काटेरी फळांची टरफले गोळा केली आणि ओटकरच्या सरावाच्या विजारीला गुडघ्यांवर शिवून टाकली. त्या थंडीत गावाच्या तळ्यावर ओटकरच्या किंकाळ्या रोज ऐकू यायच्या.

"माझ्या लेकाला काटे टोचता? मेल्यांनो, येऊ नका परत बुख्त्या खायला!" ओटकरची आई म्हणायची. तरी खसखशीचे सारण भरलेल्या त्या गोड पावांचे, गरम बुख्त्यांचे, ताट तीच बाहेर आणायची, आणि सगळ्यात मोठी प्रोकोपला द्यायची.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही स्वित्झर्लंडला गेलो. डोंगरातल्या एका गोठलेल्या तलावावर निरनिराळ्या देशांचे संघ जमले होते. आमच्यावर राज्य व्हिएन्नाच्या बादशहाचे. पण त्या तलावावर आमचा संघ आमच्याच नावाने उतरला होता. अट एकच होती. जो संघ शेवटचा येईल, त्याला पुढच्या वर्षी वेगळे बोलावणे नाही. आम्ही शेवटचे आलो असतो, तर व्हिएन्नाच्या संघात मिसळून जावे लागले असते.

आमचा कप्तान विलेम कमी बोलणारा. शेवटच्या सामन्याच्या सकाळी तो ओटकरजवळ आला. सामना जर्मनांशी होता, आणि जो हरेल तो तळाला जाणार होता.

"तुला काही सांगायला नको ना?"

"नको."

"तरी सांगतो. गुडघा टेकू नकोस, ओटकर."

ऊन पडले होते. बर्फावर पाण्याचा पातळ थर आला होता आणि चकती कधी अडकत होती, कधी एकदम सटकत होती. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. जर्मनांनी खालून एक फटका मारला आणि जुनी सवय जागी झाली. ओटकरचा डावा गुडघा बर्फाला टेकला. चकती अडली, पण पंचाने घंटा वाजवली. ताकीद मिळाली.

विलेमने ओटकरकडे नुसते पाहिले. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

दुसऱ्या डावात विलेमने गोल केला. आता जर्मन चवताळले. आमची माणसे दमली होती. चकती सारखी आमच्याच बाजूला येत होती. मी ती पावलाने ढकलत होते, पुन्हा ती परत येत होती. मग त्यांच्या एका धिप्पाड गड्याने जवळून फटका मारला. चकती माझ्या वरून गेली आणि ओटकरच्या डाव्या गुडघ्यावर बसली. त्या काळी पायाला पातळ पट्ट्या बांधत. आवाज मी ऐकला. तो लाकडाचा नव्हता.

ओटकरने माझ्यावर सगळा भार टाकला. खाली बसला तर बाहेर, आणि बाहेर गेला तर गोल मोकळा. आजूबाजूला कोणाला कळले नव्हते. कळले फक्त प्रोकोपला, कारण तो समोरच होता.

"ओट्या, लागलं रे?"

"तू पुढे बघ."

"चर्च आज बंद आहे हां, लक्षात ठेव!" प्रोकोप हसत म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानंतर तो गोलापासून हलला नाही. चकत्या स्वतःच्या पोटावर, पाठीवर घेत राहिला.

पंचाने घड्याळ हातात घेतले. शेवटची चकती प्रोकोपच्या पायांमधून निसटली आणि बर्फाला चिकटून डाव्या कोपऱ्याकडे निघाली. ओटकरला तिकडे सरकता येत नव्हते. त्याने आधार सोडला. मित्रांनो, एका पायावर उभे राहून त्याने मला हात लांब करून बर्फावर आडवे फेकल्यासारखे टाकले, पण मूठ सोडली नाही. चकती माझ्या टोकाला लागली. माझे पाऊल मध्यभागी तडकले. चकती बाहेर गेली.

घंटा वाजली.

"आता टेक लेका! हवा तेवढा टेक!" प्रोकोप रडत ओरडला.

ओटकरने गुडघा टेकायचा प्रयत्न केला. गुडघा वाकला नाही. तो कुशीवर आडवा पडला आणि त्याच्या हातात मी.

पुढच्या वर्षी आमच्या संघाला आमच्याच नावाने बोलावणे आले. ओटकर त्यात नव्हता. डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण तो पाय सरळच राहिला. घरी वांडासने करवत घेतली आणि माझे तडकलेले पाऊल कापून टाकले. मला आखूड केले, खाली लोखंडी टोपण बसवले आणि मला मुलाच्या हातात दिले.

"ऊब नाही दिली हिने. चाल आता हिच्या आधाराने," तो म्हणाला.

१९१४ च्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झाले. सैन्याच्या डॉक्टरने ओटकरला गुडघा वाकवायला सांगितले.

"वाकत नाही, साहेब."

"कशाने?"

"हॉकीने."

डॉक्टर हसला आणि त्याने ओटकरला घरी पाठवले. गावात काही जण म्हणाले, लंगडा सुटला. ओटकर ऐकून घेत असे. विलेम आणि प्रोकोप गणवेश घालून निरोप घ्यायला आले, तेव्हा प्रोकोपने मला हातात घेऊन फिरवले.

"ओट्या, दे की रे तुझा गुडघा उसना. युद्ध संपलं की आणून देतो."

"ने. पण काटे शिवून परत दे."

तिघे खूप हसले. विलेमने जाताना ओटकरच्या त्या सरळ गुडघ्यावर फक्त हात ठेवला.

मी पुढे खूप वर्षे चालले. बाजारात, दफनभूमीत, तळ्यावर मुलांचा खेळ बघायला. आता मी कोठारात घेवड्याच्या वेलाला आधार द्यायच्या काठ्यांमध्ये पडून आहे. मला पाहून कोणाला हॉकी आठवत नाही, त्याचे मला वाईटही वाटत नाही. एवढेच सांगते, मित्रांनो, घरातली जुनी काठी चुलीत घालण्याआधी ती एकदा हातात घ्या. मूठ कुठे झिजली आहे ते बोटांनी बघा. आणि ती कोणाची होती ते घरातल्या मोठ्यांना, ते आहेत तोवर, विचारून घ्या.

विलेम १९१५ च्या मार्चमध्ये कार्पेथियन डोंगरात मारला गेला. प्रोकोप १९१७ साली इटलीच्या आघाडीवर कामी आला. ओटकर वांडास १९४९ च्या फेब्रुवारीत, आपल्या घरी, अंथरुणात वारला.