अर्धा भरलेला निळा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. जमैकातल्या सेंट एलिझाबेथ भागात, लाल मातीच्या एका अंगणात, पन्हळीखाली उभा असतो. उन्हाने माझा रंग विटला आहे आणि काठाला एक बारीक चीर गेली आहे. बोलायचंही फारसं त्राण उरलेलं नाही, पण तुम्ही बसलाच आहात तर सांगतो.

माझा जन्म कॅनडातल्या एका कारखान्यात झाला. तापलेलं प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि मी झालो. सुरुवातीला माझ्या पोटात मुरवलेल्या काकड्या होत्या. तो आंबट वास पुढे किती तरी दिवस गेला नाही. नंतर एका दुकानदाराने मला धुऊन दारात मांडलं आणि तिथे विंटनने मला विकत घेतलं.

विंटन याच अंगणातला. दर वर्षी हंगामापुरता व्हिसा घेऊन तो कॅनडातल्या सफरचंदांच्या बागेत राबायला जाई आणि थंडी वाढायच्या आत परत येई. इथून जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तिकडे एक ड्रम घेतो. हंगामभर तो थोडा थोडा भरायचा आणि जहाजाने घरी पाठवायचा. घरी ड्रम उघडतात तेव्हा आख्खी गल्ली जमते आणि प्रत्येकाच्या हातात काही ना काही पडतं.

बागेतले कामगार एका लांबट खोलीत राहत. विंटनच्या खाटेशेजारी मला जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी तो बाजारातून तांदूळ, तेल, साबण असं काहीतरी आणी. साबणाच्या वड्या डब्यांच्या फटींत बसवी, बायकोच्या चपलांच्या पोटात मोजे कोंबी. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा एग्बर्ट त्याला चिडवी.

"अरे, त्या बिचाऱ्याला श्वास घ्यायला तरी जागा ठेव!"

"जागा सोडली तर जहाजवाला भाडं कमी करणार आहे का, काका?"

एकदा त्याने माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "दणकट आहेस रे." आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. मला ते पुरलं.

मी निम्मा भरलो होतो तेव्हा गारा पडल्या. छपरावर असा आवाज झाला की एग्बर्टने बसल्या जागी डोकं झाकलं. उजाडल्यावर पाहिलं तर कोवळ्या सफरचंदांना खड्डे पडलेले आणि फांद्या चिरलेल्या. दोन दिवसांनी मालक खोलीत आला. माणूस वाईट नव्हता. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"विंटन, तोडायला फळच राहिलं नाही. चार जुनी माणसं ठेवतोय, बाकीच्यांना घरी पाठवावं लागेल."

"साहेब, समोरचा टोमॅटोवाला माणसं शोधतोय. मालाला हात लावायला कुणी नाही त्याच्याकडे. मी रस्ता ओलांडून तिकडे जातो."

"तुझ्या व्हिसावर माझ्या शेताचं नाव आहे, त्याच्या नाही. ते बदलायचं तर महिने जातील."

"फक्त रस्ता ओलांडायचाय, साहेब."

  खिडकीतून समोरची टोमॅटोची काचघरं दिसत होती. विंटन बराच वेळ तिकडे पाहत बसला.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्यात डोकावला. सामान तळाशी आणि वर सगळी पोकळी.

"माझं थोडं टाकू का यात?" एग्बर्टने विचारलं. तो मागे राहणार होता.

"तुमच्या घरीही माणसं आहेत, काका."

"मग जा बाबा. तुझ्या वाटचं घोरायचं काम मी करीन."

विंटन हसला, पण त्याचं लक्ष नव्हतं. रिकाम्या जागेत सामान आदळू नये म्हणून त्याने आपला रेनकोट माझ्यात कोंबला आणि त्यावर कामाचे जाड बूट ठेवले. झाकण लावलं, कडी बसवली. तो विमानाने गेला. मी मागाहून जहाजाने, बरेच आठवडे अंधारात हिंदकळत.

अंगणात पोचलो तेव्हा गल्ली जमलेली होती. शेजारच्या मिस पर्लिनने तर स्वतःची खुर्ची आणली होती.

"हलका लागतोय गं ड्रम! यंदा उपास घडला वाटतं त्याला?"

"मिस पर्लिन, आधी उघडू तर दे," विंटनची बायको ज्युलेट हसत म्हणाली.

तिने झाकण काढलं. सगळ्यात वर बूट.

"हे कुणाला आणलेस रे?" मिस पर्लिन ओरडली. "माझ्या पायाला होतील का?"

सगळे हसले. ज्युलेट हसली नाही. हंगामाला जाणारा माणूस आपले बूट घरी आणत नसतो. ते तिथेच खाटेखाली ठेवून येतो, पुढच्या वर्षीची जागा धरल्यासारखे. हे इथल्या प्रत्येक बायकोला ठाऊक असतं.

"विंटन, बूट इथे कसे?"

"ड्रममध्ये जागा होती."

"तू म्हणालास मालकाने रजा दिली."

विंटनने बुटांकडे पाहिलं. "रजा नव्हती, ज्युलेट. काम गेलं. पुढच्या वर्षी बोलावतील की नाही, माहीत नाही."



"मला वाटलं, मी तुला नकोशी झालेय," ती हळूच म्हणाली. "आल्यापासून धड बोलत नाहीस, जेवत नाहीस. एवढं एकट्याने घेऊन बसलास?"

 विंटन वाकला, माझ्यातून साबणाची वडी काढली आणि रिवाजाप्रमाणे मिस पर्लिनपुढे धरली. ज्युलेटने त्याचा हात धरायचा प्रयत्न केला.

"त्याला अडवू नकोस," मिस पर्लिन म्हणाली. "साबण मी घेणार. नाही घेतला तर याला वाटेल, मी कीव करतेय. आण इकडे. आणि घरी नीरफणस भाजलाय, तो आणते. गुपचूप खायचा."

विंटनने खाल्लं आणि तिथेच, भर दुपारी, माझ्या सावलीला आडवा होऊन झोपला. इतकं गाढ झोपलेलं मी त्याला तिकडेही पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आता तो तेच बूट घालून पातीचा कांदा लावतो आणि मी पन्हळीचं पाणी साठवतो. माझं झाकण कोंबड्यांना दाणे घालायला गेलं. पाण्यात डासांच्या अळ्या होतात, बुडाशी शेवाळ धरतं. सगळे दमलेले असतात, मला घासायला कुणाला आठवत नाही. माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर त्याला अधूनमधून घासा आणि झाकून ठेवा. आणि दूर देशातून कुणी घरी आलं, तर त्याने काय आणलं हे जरा मागाहून विचारा. विंटन आला तेव्हा सगळ्यांनी आधी तेच विचारलं होतं, असं ज्युलेट सांगते. तो प्रत्येकाला हसून म्हणायचा, "ड्रम येतोय." तो समोर उभा होता, मित्रांनो, आणि सगळे माझी वाट पाहत होते.