एक्केचाळीस कुलपं

सुईच्या टोकाएवढा डाख.

पान दोनशे बारा.

दुपारी दोन ते तीन दार वाजवू नये.

"डॉक्टर, पेशंट शुद्धीवर आला का?"

विचारणाऱ्या होत्या निवृत्त सिस्टर. डॉक्टर म्हणजे फोन, रेडिओ, घड्याळं दुरुस्त करणारा दुकानदार. नाव शेजारच्या शिंप्यानं थट्टेनं ठेवलेलं. सिस्टर मात्र जन्माच्या सवयीनं ते अदबीनंच घ्यायच्या. पेशंट होता त्यांचा ई-रीडर. चार्जिंगची पिन सैल झाली होती.

पिनेला दिलेला डाख झकास बसला होता. शिवाय वस्तू परत देताना अपडेटही करून द्यायचं, न मागता, ही त्याची रीत. "माझ्याकडून जाईल ती वस्तू नवी होऊन जाईल," असा तोरा.

सिस्टरांनी ई-रीडर सुरू केला. एक्केचाळीस पुस्तकं, आणि प्रत्येकावर बारीकसं कुलूप. 'हे पुस्तक वाचण्याची परवानगी नाही.'

"अहो, विकत घेतलीत मी!"

त्यानं खातं पुन्हा जोडून पाहिलं. पण पुस्तकं विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. अपडेटनंतर ई-रीडर जुनी कुलपं ओळखेना, आणि नवी किल्ली द्यायला कुणी उरलं नव्हतं.

"ह्यांना दिसत नाही ना आता," सिस्टर म्हणाल्या. "रोज दोन ते तीन वाचून दाखवते. दोनशे बारावर आलोय. ती बाई घर सोडते की नाही, दोन दिवस एवढंच विचारतायत."

शिंपी दारातून डोकावला. "काय डॉक्टर, दगावला वाटतं?"

"हे आधीपासूनच असणार," दुकानदार बोलून गेला. "तुमच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."

सिस्टर ओशाळल्या. "असेल हो. बोटं थरथरतात माझी. तुम्हाला उगाच त्रास." मग हसल्या. "वॉर्डात चूक झाली की त्याच पाळीत वहीत लिहून सही करायचे मी. आता घरी कुठली वही!"

त्याला बोलायला वेळ होता. त्यानं पडदा पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या.

"काही करून उघडेल का हो?"

"नाही, सिस्टर."

"मग राहू दे. पुढचं मी मनानंच सांगते. ते हुं हुं करत ऐकतात. काल म्हणाले, दोनशे बारानंतर हा लेखक फारच गोड बोलायला लागलाय गं!"

शिंपी खो खो हसला. त्यालाही हसावं लागलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, डॉक्टर."

त्या पायरी उतरल्या, तशी त्यानं हाक मारली. "सिस्टर!"

त्या वळल्या. थांबल्या.

"चार्जिंग... नीट होतंय ना?"

"उत्तम होतंय," त्या म्हणाल्या.

अपडेट सुरू होण्याआधी पडद्यावर विचारणा आली होती: 'काही जुनी पुस्तकं यापुढे उघडणार नाहीत. पुढे जायचं?' ती त्यानं शेवटपर्यंत वाचली होती आणि 'हो' दाबलं होतं.